आहार आणि व्यायामाच्या सवयी टिकतील अशा कशा लावाव्यात

आहार आणि व्यायामाचा संकल्प बहुधा उत्साहाच्या दिवशी केला जातो आणि पाळावा मात्र लागतो तो कंटाळ्याच्या, धावपळीच्या आणि अपुऱ्या झोपेच्या दिवशी. रोज तासभर धावण्याचे किंवा गोड पूर्ण बंद करण्याचे बेत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोलमडतात, तेव्हा त्याचे कारण माणसाच्या आळसात शोधण्यापेक्षा बेताच्या आकारात शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. म्हणून नवी सवय ठरवताना एकच कसोटी लावावी: दिवस अगदी वाईट गेला, तरी एवढे मला जमेल का? उत्तर नकारार्थी असेल तर बेत लहान करावा. पुढील पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या असून त्या क्रमाने घ्याव्यात. ज्यांना हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे आहे, तसेच ज्या गरोदर आहेत, त्यांनी मात्र मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पहिली पायरी: आठवडाभर नुसते पाहावे

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. आपण काय खाल्ले, केव्हा, कोठे आणि त्या वेळी खरोखर भूक लागली होती का, एवढे एखाद्या वहीत किंवा फोनवर दोन-चार शब्दांत टिपावे आणि दिवसातला किती वेळ बसून गेला याचीही ढोबळ नोंद ठेवावी. उष्मांक मोजत बसण्याची गरज नाही. आठवडाअखेरीस या नोंदी एकत्र वाचल्या की काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसू लागतात. उदाहरणार्थ, ज्या दिवशी दुपारचे जेवण हुकते किंवा उरकल्यासारखे होते, त्याच दिवशी संध्याकाळी घरी पोचताच, हातातली पिशवी खाली ठेवण्याच्या आधी डबा उघडला जातो, उभ्याउभ्याच बरेच काही खाल्ले जाते आणि वर रात्रीचे जेवणही होतेच. अशा वेळी माणूस संध्याकाळच्या खाण्यावर निर्बंध घालू पाहतो, पण दुरुस्ती दुपारी करायची असते. ही गोष्ट नोंदींशिवाय सहसा लक्षात येत नाही.

दुसरी पायरी: एकच बदल निवडावा आणि तो नेमक्या शब्दांत मांडावा

आहार आणि व्यायाम या दोन्ही आघाड्या एकदम उघडू नयेत. नोंदींत जे सर्वांत ठळक दिसले, त्यातून एकच गोष्ट निवडावी. ‘भाज्या जास्त खाईन’ किंवा ‘हालचाल वाढवीन’ ही केवळ इच्छा आहे, कारण ती पाळली की मोडली हे रात्री सांगता येत नाही. ‘दुपारच्या जेवणात आधी भाजी संपवीन’, ‘कामावरून आल्यावर दहा मिनिटे चालेन’ ही वाक्ये मात्र हो-नाहीत तपासता येतात. दहा मिनिटांनी काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीरावर होणारा परिणाम दुय्यम असतो. तेव्हा ठरलेल्या वेळी उठण्याचा सराव होत असतो आणि तो पाच मिनिटांनीही होतो.

तिसरी पायरी: नव्या कृतीला जुन्या कृतीचा आधार द्यावा

सवय म्हणजे ठरावीक प्रसंग आला की फारसा विचार न करता घडणारी कृती. तेव्हा प्रसंग आधी ठरवावा लागतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकापासून ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या योजनांचा अभ्यास केला असून, नुसत्या निर्धारापेक्षा अशी योजना कृतीत उतरण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. आधाराची कृती रोज, न चुकता आणि साधारण एकाच ठिकाणी घडणारी असावी: दात घासणे, जेवणाचे ताट उचलून ठेवणे, कामावरून आल्यावर बूट काढणे. घड्याळाची वेळ त्यामानाने कच्चा आधार आहे, कारण ती येते आणि आपण दुसऱ्याच कामात असलो की निघून जाते.

यातही जागा बारकाईने निवडावी. संध्याकाळी चालायला जायचे असेल आणि चालण्याचे बूट आतल्या कपाटात असतील, तर माणूस दारात बूट काढतो, आत येतो, क्षणभर टेकतो आणि तो क्षण रात्रीपर्यंत लांबतो. तेच बूट दाराशी ठेवले, एक जोड काढून दुसरा घालूनच पुन्हा बाहेर पडले आणि मध्ये बसणेच टाळले, तर निर्णयाचा प्रसंगच उरत नाही. माझ्या मते व्यायामाच्या कोणत्याही साधनावर खर्च करण्यापूर्वी दाराशी करायचा हा एवढा बदल करून पाहावा.

चौथी पायरी: घरातली मांडणी बदलावी

हाताशी जे असते ते खाल्ले जाते. धुतलेली, कापलेली फळे फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवावीत, पाण्याची बाटली कामाच्या जागी भरलेली असावी आणि जे खाताना हात आवरत नाही ते घरात साठवू नये. खावेसे वाटलेच तर बाहेर जाऊन एकदा पुरते तेवढेच आणावे. बंदी घालण्यापेक्षा मध्ये चार पावलांचे अंतर ठेवलेले बरे.

पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांबाबत विशेष सावध राहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढ व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न हवे तितके खाऊ दिले होते. दोन्ही प्रकारच्या जेवणांत उष्मांक, साखर, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण जुळवलेले होते. तरीही पहिल्या प्रकारचे अन्न समोर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि त्यांचे वजनही वाढले. अशा अन्नासमोर मनोनिग्रहाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. ते समोर कमी वेळा येईल अशी व्यवस्था करावी.

पाचवी पायरी: ताटाकडे पाहावे

आहाराचे नियम जितके थोडे, तितके ते पाळले जातात. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळे, पाव भाग प्रथिनांचा आणि पाव भाग धान्याचा, शक्यतो अख्ख्या धान्याचा, एवढी ढोबळ विभागणी बहुतेकांना पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात, मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे आणि वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध व फळांच्या रसांतल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम साखरेची होते. गोड पेये पोट न भरता ती मर्यादा लवकर गाठतात, त्यामुळे साखर कमी करायची असेल तर सुरुवात पेयांपासून करावी. जेवण टाळून ‘बचत’ करू नये. तिचा हिशेब संध्याकाळी कसा चुकता होतो, ते पहिल्या आठवड्याच्या नोंदींत बहुधा दिसलेलेच असते.

सहावी पायरी: व्यायाम वाढवावा, पण सावकाश

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. सलग दहा मिनिटे व्यायाम झाला तरच तो धरावा, ही पूर्वीची अट या सूचनांत राहिलेली नाही, त्यामुळे जिने चढणे किंवा पाच मिनिटे भरभर चालणे हेही हिशेबात धरता येते. तीव्रता ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम तीव्रता. काही शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागते, ती जोरकस.

बळाच्या व्यायामाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, आणि वय वाढताना स्नायू घटत असल्याने ते महागात पडते. घरच्या घरी सुरुवात करायची तर न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या पुढच्या कडेशी बसावे, पावले खांद्यांइतक्या अंतरावर सपाट ठेवावीत आणि हातांचा आधार न घेता उभे राहावे. मग धप्पकन न बसता, तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे. शेवटच्या एक-दोन खेपा जड वाटतील इतक्याच वेळा हे करावे. आधाराशिवाय उठणे जमत नसेल तर हात मांड्यांवर टेकवून उठावे. हाताच्या बळासाठी भिंतीवर तळवे टेकून शरीर पुढे-मागे नेणे पुरेसे आहे.

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे नेहमीचे आहे, आणि त्या दिवसांत हलके चालणे चालू ठेवण्यास हरकत नाही. छातीत दुखणे किंवा दडपण, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, सांध्यात बोचरी कळ यांपैकी काहीही जाणवले तर मात्र तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. वाढ करताना आधी दिवस वाढवावेत, मग मिनिटे आणि शेवटी तीव्रता. हा क्रम उलटा केला की दुखापत होते आणि दुखापतीच्या सुट्टीत सवय मोडते.

सातवी पायरी: खंड पडेल हे धरून चालावे

सवय २१ दिवसांत लागते, हे सर्वत्र ऐकू येते. या आकड्याचे मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली नोंदवलेल्या एका निरीक्षणात सापडते, आणि तेही रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एवढे दिवस लागतात, अशा आशयाचे होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवी कृती करायला सांगितली, तेव्हा ती अंगवळणी पडण्याचा मध्य काळ ६६ दिवस निघाला. व्यक्तीव्यक्तीत मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता, आणि १२ आठवड्यांपलीकडचे आकडे अर्थातच गणिताने काढलेले होते. याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा आला नाही.

तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम किंवा उपास करू नये. ठरलेला पुढचा प्रसंग आला की ठरलेले तेवढेच करावे. प्रवास, पाहुणे आणि कामाची घाई यांच्यासाठी सवयीची अगदी छोटी आवृत्ती आधीच ठरवून ठेवावी, जसे खुर्चीवरून पाच वेळा उठणे किंवा एक फळ खाणे. ताप असेल त्या दिवशी तीही सोडावी. लागोपाठ बरेच दिवस चुकत असेल, तर स्वतःला बोल लावण्याआधी आधाराची कृती तपासावी. बहुतेकदा ती बदललेली असते, म्हणजे कामाची वेळ सरकलेली असते किंवा घरातले कोणी त्याच वेळी हाक मारत असते.

प्रगती मोजताना वजनाच्या काट्यावर रोज उभे राहू नये. शरीरातले पाणी, मीठ आणि पोटातले अन्न यांमुळे वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलते आणि त्यात चरबीचा संबंध नसतो. कृती झाली त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करावी आणि वजन पाहायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, एकाच वेळी पाहावे. झोप सात तासांपेक्षा कमी होत असेल, तर आहाराच्या आधी तिच्याकडे लक्ष द्यावे, कारण अपुऱ्या झोपेनंतर भूक वाढते आणि गोड-तेलकट खाण्याची ओढही वाढते.

दुसरी सवय केव्हा जोडावी

पहिली सवय आठवून करावी लागत असेपर्यंत दुसरी जोडू नये. बूट पायात गेल्यावर आपण निघालो आहोत हे लक्षात येऊ लागले, किंवा एखाद्या दिवशी चुकल्यास काहीतरी राहिल्यासारखे वाटू लागले, की ती रुजली असे समजावे. मग चालण्याला आठवड्यातून दोन दिवस खुर्चीचा व्यायाम जोडता येतो, किंवा दुपारच्या भाजीला सकाळचे एक फळ. नव्या भरतीमुळे जुन्या सवयीवरच्या खुणा दिनदर्शिकेत विरळ होऊ लागल्या, तर नवी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवावी आणि जुनी पूर्ववत झाल्यावर, नव्या सवयीचा आकार निम्मा करून ती पुन्हा घ्यावी.