नेटला जोडताच संगणक रीस्टार्ट होतो? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

एरवी तासन्‌तास विनातक्रार चालणारा घरचा संगणक लॅनची केबल लावली किंवा वायफाय जोडले की क्षणात काळा पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी माझ्याकडे येण्यापूर्वी एकदा तरी फॉरमॅट मारून पाहिलेला असतो. मूळ बिघाडापेक्षा मला याचाच अधिक वैताग येतो. संगणक नेमका कोणत्या क्षणी पडतो आणि पडताना काय सांगतो, एवढाच या दुखण्यातला पुरावा असतो, आणि फॉरमॅट तोच पुसून टाकतो.

घाईचा फॉरमॅट

आमच्या सोसायटीतले एक काका घरून लहान दुकानदारांचे हिशेब लिहितात. त्यांचा संगणक वायफायला जोडताच रीस्टार्ट होऊ लागला, तेव्हा एका दुकानातल्या मुलाने आठवड्यात दोनदा फॉरमॅट मारला आणि दोन्ही वेळा दुखणे दुसऱ्याच दिवशी परतले. तिसऱ्या खेपेला काका आपला ‘सीपीयू’ चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. (त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात, पण आता हा शब्द कोण बदलणार?)

मी वायफायचा डोंगल काढून संगणक सुरू केला आणि सर्वांत आधी एका चौकटीतली टिकची खूण काढून टाकली. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, आणि ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालचे बटण दाबले की ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ अशी चौकट दिसते. ती मुळातच चालू असते, त्यामुळे निळा पडदा (विंडोज कोलमडताना दिसणारा बिघाडाचा संदेश; विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा असतो) वाचण्याआधीच नाहीसा होतो आणि लोकांना वाटते की संगणक ‘नुसताच’ बंद पडला. खूण काढून डोंगल लावला, वायफाय जोडले, आणि सहा-सात सेकंदांत आलेला निळा पडदा या वेळी तिथेच थांबला. त्यावर ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ हा संदेश होता आणि त्याखाली डोंगलच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला तो डोंगल चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइलचे नाव होते.

तो ड्रायव्हर डोंगलच्या डब्यातल्या छोट्या सीडीवरून आला होता आणि तो विंडोज ७ च्या काळातला होता. दुकानातल्या मुलाने प्रत्येक फॉरमॅटनंतर तीच सीडी इमानेइतबारे चालवली होती. मी डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढला, आणि काढताना ड्रायव्हरच्या फाइलीही पुसण्याची चौकट निवडली, कारण ती निवडली नाही तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच ड्रायव्हर पुन्हा बसवते. मग चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणला. सगळे मिळून अर्धा तास लागला. मात्र काकांची तीन वर्षांच्या हिशेबाची फाइल डेस्कटॉपवर, म्हणजे ‘सी’ ड्राइव्हवर, होती आणि फॉरमॅटच्या वेळी फक्त ‘डी’ ड्राइव्ह जपला गेला होता.

फॉरमॅटचा हा भाबडा विश्वास जुनाच आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम) पसरला, तेव्हा विंडोज एक्सपीचे संगणक इंटरनेटला जोडले की साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद पडत. लोक फॉरमॅट मारून दुरुस्तीचा पॅच उतरवण्यासाठी पुन्हा नेटला जोडत आणि पॅच उतरण्याआधीच संगणक पुन्हा बाधित होई. पॅच जुलैतच आला होता. आधी फायरवॉल चालू करून मग नेटला जोडण्याइतका धीर धरला असता, तरी पुष्कळांचे काम भागले असते.

निळ्या पडद्यावर ‘एनडीआयएस’ किंवा ‘टीसीपीआयपी’ अशी नावे दिसली म्हणून त्या फाइली बाहेरून आणून बदलू नयेत. त्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी ड्रायव्हरने केलेला घोळ त्यांच्या नावावर चढतो.

अर्थिंगकडे डोळेझाक

निळा पडदा आलाच नाही, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही अचानक बंद पडल्याची नोंद शोधून तिच्या तपशिलातला ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्याच्या बिघाडाचा क्रमांक) पाहावा. तिथे शून्य असेल, तर माझा संशय ड्रायव्हरवरून विजेकडे वळतो.

चिपळूणला मावशीच्या जुन्या घरी मी हा प्रकार अगदी जवळून पाहिला. केबलवाल्याने खांबावरच्या नेटवर्क स्विचपासून (नेट घरोघरी वाटणाऱ्या डब्यापासून) शील्ड, म्हणजे आतून धातूचे वेष्टन, असलेली केबल ओढली होती आणि तिचा प्लग पत्र्याचा होता. तो प्लग पोर्टच्या कडेला नुसता टेकला, खटका बसण्याआधी आणि पोर्टचा दिवा लागण्याआधीच संगणक पडला. जोडणी झालीच नव्हती, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हता. अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावला, तर झिणझिण्या येत होत्या. एक्स्टेंशन बोर्डाच्या अर्थिंगच्या पिनेला वायरच नव्हती. अर्थिंग नसले की एसएमपीएसमधल्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर घरच्या विजेच्या साधारण निम्मा व्होल्टेज उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण जमिनीशी जोडलेल्या शील्डला पत्रा टेकताच तो तिथून उतरतो आणि त्या झटक्यात मदरबोर्ड रीसेट होतो. वायरमनकडून अर्थिंग नीट करून घेतल्यावर संगणक पुन्हा पडला नाही. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवणाऱ्या हुशार मंडळींबद्दल मी काही लिहीत नाही.

वीज की विंडोज, हे ठरत नसेल, तर मी पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली चालवून नेट जोडतो. तिथेही संगणक पडला, तर विंडोजला दोष देणे थांबवावे.

बाकीच्या चुका थोडक्यात

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, आणि वापरात नसलेले व्हीपीएन (नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे सॉफ्टवेअर) काढून टाकावे, कारण दोन्हींचे फिल्टर नेटवर्कच्या वाटेतच बसतात. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर मी कोणाच्याही संगणकावर ठेवत नाही. डोंगल पुढच्या पोर्टात लावल्यावर संगणक पडत असेल, तर तो मागच्या पोर्टात लावून पाहावा. वीज कडाडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर मदरबोर्डवरचे लॅन बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमधून) बंद करून पाहावे. ‘नेटवर्क रीसेट’ करण्यापूर्वी वायफायचा पासवर्ड लिहून ठेवावा, कारण तो पुसला जातो. आणि राउटर बदलण्याची घाई करू नये.

नातेवाइकांच्या संगणकांवर ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण मी काम झाल्यावरही परत लावत नाही. निळा पडदा आला की ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. फोटोचा अर्धा भाग बहुतेक वेळा अंगठ्याने झाकलेला असतो, पण फाइलचे नाव वाचता येते.