आयत्या वेळच्या विषयांत टाकू नका: सेवासंस्थेत सगळ्यांना जागा मिळवून देताना

सभेत कुणी "आपल्याकडे सगळ्यांना दार उघडंच आहे" असं म्हटलं, की भाषण न करता इतिवृत्ताची वही मागून घ्यायची. मागच्या १२ महिन्यांची पानं उलटून प्रत्येक ठरावाखालची दोन नावं कागदावर उतरवायची: सूचक आणि अनुमोदक. शेजारी हजेरीपटावरून आणखी दोन रकाने करायचे. कोण किती सभांना आलं, आणि शिबिराच्या दिवशी कुणाला कुठलं काम मिळालं. पन्नास सभासदांच्या संस्थेत सगळे ठराव चार-पाच जणच मांडत असतील, आणि चहा, सतरंज्या, नोंदणीचं टेबल यांपुढे वर्षभर तीच ती नावं असतील, तर दार उघडं असूनही आत कुणाची बैठक आहे ते कागदच सांगतो.

आडनावावरून जातीधर्माचा रकाना मात्र भरू नका. अंदाज चुकतो, आणि बरोबर आला तरी "पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?" विचारणाऱ्यांच्या पंगतीत आपणच जाऊन बसतो. स्त्रिया-पुरुष, वय, राहण्याचं ठिकाण आणि लोकांनी स्वतःहून सांगितलेल्या अडचणी एवढं पुरतं.

ठराव कसा आणायचा

'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात हा विषय टाकला की मेला. तोवर रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, कल्याणची मंडळी चपला शोधत असतात आणि "पुढच्या सभेत सविस्तर बोलू" म्हणून आभारप्रदर्शन उरकतं. विषय सभेच्या किमान आठवडाभर आधी सचिवांना लेखी द्या आणि विषयपत्रिकेवर त्याला स्वतःचा क्रमांक मिळवा. अनुमोदकाशी आधी बोलून ठेवा. ज्यांची अडचण आहे त्यांनाच अनुमोदनाला उभं केलं, तर ते स्वतःसाठी सवलत मागतायत असा रंग येतो. म्हणून संस्थेतला एखादा जुना, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा सभासद गाठावा.

'समावेशकतेचं वातावरण निर्माण करावे' असा ठराव टाळ्यांत मंजूर होतो आणि त्याने काहीच बदलत नाही. असा लिहा:

"पुढील सहा मासिक सभांपैकी तीन सभा रविवारी सकाळी, तळमजल्यावरील किंवा लिफ्ट असलेल्या सभागृहात घ्याव्यात. सभेची सूचना मराठी व हिंदीत, टाइप केलेल्या मजकुराच्या स्वरूपात आठ दिवस आधी पाठवावी. शिबिरातील कामे आळीपाळीने द्यावीत. जबाबदारी: सचिव. आढावा: सातव्या सभेत."

तारीख, काम आणि जबाबदार माणूस यांतलं एक जरी गळलं, तरी ठराव वहीतच राहतो. "मग आता राखीव खुर्च्या ठेवायच्या का?" हा प्रश्न येणारच. त्यावर वाद न घालता आपला कागद फिरवावा आणि सभेची वेळ, जागा, सूचना आणि कामांची आळीपाळी एवढंच मागणं आहे असं सांगावं. "त्यांना यायचंच नसतं" म्हणणाऱ्याला एकच विचारावं: शेवटचं बोलावणं कधी गेलं, आणि कुणी केलं?

वेळ, जागा, पायऱ्या

मुंबईत माणसं गळतात ती बहुतेक वेळा इथेच. दादरला रात्री आठला सुरू झालेली सभा दहाला संपते. विरार-बदलापूरच्या बाईला, किंवा घरी आजारी माणूस असणाऱ्याला, ती परवडत नाही. रविवारची वेळ ठरवताना मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक, पश्चिमेचा जम्बोब्लॉक आधी बघा. भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून ईद, नाताळ, संवत्सरी, १४ एप्रिल, ६ डिसेंबर टाळा. रमजानात सभा चारला संपवली, तर रोजा असलेल्याला इफ्तारला घर गाठता येतं.

जागेबद्दल "तीनच तर पायऱ्या आहेत" असं सांगितलं जातं. गणित करून बघा. एक पायरी १५ सेंटिमीटर धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२ असावं लागतं, म्हणजे उतार ५.४ मीटर लांब हवा. डेकोरेटरकडून आणलेली मीटरभराची फळी टाकली, तर खुर्ची मागे उलटू शकते. एवढी लांबी मिळत नसेल तर सरळ दुसरी जागा बघा. चार कार्यकर्त्यांनी खुर्ची उचलून नेणं हा उपाय नव्हे. फोटो छान येतो, पण खुर्चीतल्या माणसाला विचारलं कुणी? दाराची रुंदीही मोजा, ९० सेंटिमीटर हवी. आणि स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. सभागृह तळमजल्यावर आणि स्वच्छतागृह जिन्यावर, असं बरेचदा निघतं.

सूचना सजवलेल्या चित्राच्या रूपात व्हॉट्सॲपवर टाकायची सवय घट्ट आहे. फोनवरच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला, चित्रातला मराठी मजकूर भरवशाने वाचता येत नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या सभासदाला सभा कळतच नाही. चित्र हवंच असेल तर खाली तोच मजकूर टाइप करा, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर आपण नेहमी टाइप करतो तसा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधली फाइल उघडली की स्क्रीन रीडर अगम्य अक्षरं बडबडतो. कर्णबधिर सभासद असतील आणि सभा तासाभराहून लांबणार असेल, तर सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे बोलवा. साधारण दर २० मिनिटांनी त्यांना आलटूनपालटून बसावं लागतं. माणूस मिळवायला वांद्रे रेक्लमेशनची 'अली यावर जंग' ही वाचा-श्रवण विषयातली राष्ट्रीय संस्था हे विचारायचं पहिलं ठिकाण.

खाण्याचं थोडक्यात: कांदेपोहे आणि बटाटावडा दोन्ही जैन सभासदाला चालत नाहीत. सगळ्यांच्याच ताटात केळं आणि उकडलेले चणे ठेवले की वेगळं टेबल मांडावं लागत नाही. वर्गणीत सवलत द्यायची तर ती फक्त खजिनदाराला माहीत असावी आणि पावतीवर शिक्का नको.

रक्तदान शिबिराच्या टेबलावर जरा थांबायला हवं. दात्याचं हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, वजन ४५ किलो. त्यात बसत नाही म्हणून परतणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ असतात आणि आपला उत्साही कार्यकर्ता "कमी आहे, बाजूला व्हा!" असं रांगेत ओरडतो. निकाल चिठ्ठीवर द्यावा, हळू आवाजात. तृतीयपंथी व्यक्तींना राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दात्यांतून वगळलं. हा नियम रक्तपेढीला लागू होतो. नोंदणीच्या टेबलावर किंवा माइकवर बसायला त्याची आडकाठी नाही. कुणाला रांगेतून परत पाठवण्यापेक्षा निमंत्रणातच हे सांगावं.

कुणी लागेल असं बोललं तर

त्याच क्षणी, छोट्या वाक्यात: "हे नको. पुढचा विषय घेऊ." आवाज चढवला की चर्चा तुमच्या आवाजावर जाते. ज्याला लागलं त्याच्याशी सभेनंतर एकट्याने बोला आणि "यावर काही करावं असं वाटतं का?" असं विचारल्याशिवाय ग्रुपवर एक ओळही टाकू नका. न विचारता केलेल्या वकिलीने तो माणूस दुसऱ्यांदा उघडा पडतो.

लैंगिक छळाची गोष्ट वेगळी. २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या शब्दात बिनपगारी स्वयंसेवकही येतात, "आम्ही तर सेवा करतो" ही पळवाट नाही. १० किंवा अधिक जण काम करत असतील तर अंतर्गत समिती लागते: अध्यक्षपदी स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून लहान संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे लक्षात ठेवा. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो. तिथे पदाधिकाऱ्यांनी चहावर बोलावून मिटवामिटवी करू नये. पोलिसांत जायचं की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवायचं.

आता पुन्हा वहीकडे. ठराव मंजूर झाला तरी पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा नीट ऐका. "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असलं, तर इतिवृत्त कायम, म्हणजे मंजूर, होण्याआधीच हात वर करून ठरावाचा पूर्ण मजकूर आणि सूचक-अनुमोदकांची नावं घालायला लावा. एकदा कायम झालं की सातव्या सभेत आढावा कशाचा घ्यायचा, हेच कुणाला सापडत नाही.