तारखा पाठ करण्याआधी: प्राचीन इतिहासाचा एक सप्टेंबर

एम.ए.ला प्राचीन इतिहास घेतलेल्यांचं पहिलं रडगाणं ठरलेलं असतं: तारखा लक्षात राहत नाहीत. माझं म्हणणं, सुरुवातीला पाठ करूच नका. एखादा महिना घ्या, त्यातल्या घटना वहीत मांडा आणि प्रत्येकीपुढे लिहा, की ही तारीख आपल्याला कळली कशी. मी सप्टेंबर घेतला होता, कारण त्यात रोम, ग्रीस, बॅबिलोन सगळेच येतात.

रोमचं काम सोपं. इ.स.पू. 31 च्या 2 सप्टेंबरला ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या ॲक्टियमजवळ ऑक्टेव्हियनच्या (पुढचा सम्राट ऑगस्टस) आरमाराने अँटनी आणि क्लिओपात्राला हरवलं. रोमन इतिहासकार कॅशियस डिओ ही तारीख देतो आणि वर सांगतो, एरवी मी तारखा देत नाही. पण त्या दिवसापासून सगळी सत्ता एकाच माणसाकडे गेली म्हणून देतोय. सम्राट डोमिशियनचा खून 18 सप्टेंबर 96 चा, तोही चरित्रकार सुएटोनियसने दिवसासकट नोंदवलेला. अशा नोंदी निमूट उतरवून घ्याव्यात.

खरी गंमत ग्रीसमध्ये. ग्रीक आणि पर्शियन आरमारांची सलामिसची लढाई इ.स.पू. 480 च्या सप्टेंबरअखेरीस झाली असं पुस्तकात छापलेलं असतं, पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तारीख देत नाही. तो एवढंच सांगतो, की स्पार्टाचा सेनानी क्लिओम्ब्रोटस इस्थमसवर (कॉरिंथची संयोगभूमी) बळी देत असताना सूर्य झाकोळला आणि तो सैन्य घेऊन घरी परतला. ते ग्रहण गणिताने 2 ऑक्टोबरला येतं. लढाई त्याच्या थोडी आधीची, म्हणून सप्टेंबर. हा धागा एकदा समजला की तारीख विसरणं अवघड जातं.

अथेन्सने पर्शियनांना हरवलं त्या मॅरेथॉनच्या लढाईचं तसं नाही. पौर्णिमेआधी स्पार्टाचं सैन्य निघणार नव्हतं, एवढं हिरोडोटसकडून कळतं. पण कुठली पौर्णिमा? 19 व्या शतकात बक या जर्मन विद्वानाने 12 सप्टेंबर काढली. काही अभ्यासक लढाई ऑगस्टमध्ये नेतात. प्रत्येक नगरराज्याचं पंचांग वेगळं, मग काय होणार! उत्तरपत्रिकेत 'इ.स.पू. 490' लिहा आणि पुढे जा.

अलेक्झांडरने पर्शियाच्या दारयवहूला हरवलं ती गौगामेलाची लढाई तर माझ्या यादीतून एका दिवसाने निसटली. इ.स.पू. 331 च्या 20 सप्टेंबरला चंद्रग्रहण झालं, लढाई त्यानंतर अकरा दिवसांनी, 1 ऑक्टोबरची. अलेक्झांडरच्या चरित्रकारांपेक्षा इथे बॅबिलोनची मातीची पाटी जास्त कामाची. तिथले ज्योतिषी रोजचं आकाश नोंदवत, सोबत बाजारभाव आणि राजकीय घडामोडीही. त्यांनी लिहून ठेवलंय, की दारयवहूचं सैन्य त्याला सोडून पळालं. लढाईचा समकालीन पुरावा म्हणून ही कोरडी ओळ मला फार आवडते.

जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात इ.स. 9 मध्ये रोमन सेनापती वॅरसच्या तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) कापल्या गेल्या. सप्टेंबर सर्वमान्य, नेमका दिवस नाही.

वर्षांची वजाबाकी करताना एक सांभाळा: इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मध्ये शून्य नाही. ग्रीसने सलामिसची 2,500 वर्षं 2020 मध्ये साजरी केली, हिशेबाने ती 2021 मध्ये भरली.

हीच वही घेऊन आपल्याकडे आलात की रकाने बदलावे लागतात. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजा पुळुमावीचा लेख म्हणतो: राज्यवर्ष 19, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. ऋतू, पक्ष, दिवस सगळं चोख, पण पुळुमावी गादीवर कुठल्या वर्षी बसला यावर एकमत नाही. त्यामुळे इंग्रजी तारखेत ते बसवता येत नाही. अशा लेखांसाठी मी 'राजा, राज्यवर्ष, ऋतू, पक्ष, दिवस' असे रकाने पाडले आणि इसवी सनाचा रकाना पेन्सिलीने भरला. अशोकाचे लेख आले तेव्हा ऋतू-पक्षाचे रकाने बहुतेक कोरेच राहिले: कलिंगयुद्ध अभिषेकाला 8 वर्षं झाल्यावर, एवढंच.