संकटात देवाच्या इच्छेवर सोपवायचं कसं?

घरात संकट आलं की आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी येऊन सांगतं, "देवाच्या इच्छेवर सोपवून द्या." सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण सोपवायचं कसं, ते कुणी बसून शिकवत नाही. आमची रावेर तालुक्यात केळी आहे. मे महिन्याच्या वादळात घड भरलेली बाग आडवी झाली, डोक्यावर सोसायटीचं पीककर्ज तसंच. तेव्हापासून मी काय करत आले, ते लिहिते.

आधी मागा. नाव घेऊन, स्पष्ट मागा. "प्रभू, तुझी इच्छा" एवढं पुटपुटून उठू नका. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने आधी म्हटलं, हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, माझ्यापासून दूर कर. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे त्यानंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय वाचा, तेच मागणं घेऊन तो तीनदा बापाकडे गेला. मी मागितलं ते असं: बापा, व्यापाऱ्याला पडलेला माल कमी भावात का होईना उचलू दे, मुलीचं कॉलेज सुटू देऊ नकोस, आणि यांना रात्री झोप लागू दे. एवढं सांगून झालं की मगच "तरी तुझ्या मनासारखं होवो" म्हणा. मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात प्रार्थना केली की माझं तरी लक्ष लगेच कर्जाच्या आकड्यावर जातं.

रडू आलं तर आवरू नका. पवित्र शास्त्रात त्यासाठी स्तोत्रं आहेत. 13वं स्तोत्र "किती वेळ?" असं विचारतच सुरू होतं. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. ज्या दिवशी स्तुतीचं गाणं ओठावर येत नाही, त्या दिवशी हे वाचा. देवाला ही भाषा चालते, म्हणून तर ती शास्त्रात आहे.

प्रार्थनेतून उठलात की आपल्या वाट्याचं काम करा. तलाठ्याला कळवून पंचनामा, फळपीक विमा असेल तर मुदतीच्या आत सूचना, सोसायटीत जाऊन हप्त्याची बोलणी. दुखणं असेल तर दवाखाना आणि वेळेवर गोळ्या. आमच्यापुढे प्रश्न होता, बुडाशी फुटलेलं पील राखायचं की बाग मोडून नवीन लावायची. आकाशातून उत्तर येण्याची वाट आम्ही पाहिली नाही. प्रार्थना केली, जाणत्या दोघातिघांना विचारलं, पील राखायचं ठरवलं आणि निकाल देवावर सोडला.

चिंता परत येते. रात्री दोनला येतेच. काल सोपवली होती ना, मग आज परत कशी आली, म्हणून स्वतःच्या विश्वासावर शंका घेऊ नका. 1 पेत्र 5:7 सांगतं, सगळी चिंता त्याच्यावर टाका. परत आली की परत टाकायची. मी उठून पाणी पिते, "बापा, हे तुझं" म्हणते आणि आडवी होते.

आणि मागितलेलं मिळालंच नाही तर? प्रेषित पौलाने तीनदा विनवलं, तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. हबक्कूक संदेष्ट्याचं 3:17 हे वचन शेतकऱ्याच्या घरात वाचायला जड जातं: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. पुढच्याच वचनात तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पीक नंतर परत आलं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. हे वचन मी वहीत उतरवून देवळीत ठेवलंय. हर्ष रोज होतोच असं नाही, पण वचन रोज वाचते.

एक मात्र कुणाचंही ऐकू नका: "तुमच्या घरात काही पाप असेल." जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारलं होतं. योहान 9:3 मध्ये प्रभूने साफ सांगितलं, ना याने पाप केलं, ना याच्या आईबापांनी.

दुसऱ्याच्या संकटात भेटायला जाल, तेव्हा उपदेश घरी ठेवून जा. शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. आमच्याकडे शेजारच्या ताई कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या, यांना वाढायच्या आणि माझ्याजवळ बसायच्या. प्रार्थना करू का, असं आधी विचारायच्या. तुम्हीही विचारा, आणि जाताना डबा न्या.