गोकूच्या आधीची वर्षे

जपानी ॲनिमेत, म्हणजे तिथल्या ॲनिमेशनपटांत आणि मालिकांत, आवाज देण्याचे स्वप्न उराशी बाळगून जपानी भाषेच्या वर्गात बसणारी मुले आता पुण्यात नवलाची राहिलेली नाहीत. परीक्षेची तयारी चाललेली असतानाच त्यांच्यापैकी एखादी हळूच विचारते, की टोकियोला जाऊन ‘सेइयू’, म्हणजे आवाजाचा अभिनय करणारा कलाकार, होता येईल का. मी स्वतः पुण्यातच जपानी शिकून टोकियोला आलो, इथल्या एका प्रशिक्षणसंस्थेचे संध्याकाळचे वर्ग केले, आणि आज अनुवादाच्या जोडीने गर्दीतले आवाज, लहानसहान निवेदने आणि एखाद्या भारतीय पात्राचे चार संवाद अशी फुटकळ कामे करतो. यशाचा मंत्र सांगण्याचा अधिकार त्यामुळे मला नाही. या धंद्यात शिरू पाहणाऱ्याने आधी काय वाचावे, एवढे मात्र मी सांगू शकतो: मासाको नोझावा या ज्येष्ठ अभिनेत्रीची कारकीर्द तारखांनिशी वाचावी, आणि कोणती भूमिका कधी मिळाली याच्याइतकेच ती कधी दुसऱ्याकडे गेली हेही टिपून घ्यावे.

नोझावाबाईंचा जन्म २५ ऑक्टोबर १९३६चा, टोकियोतला. तिसऱ्या वर्षीच त्या बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, युद्धाच्या काळात गुन्मा प्रांतातल्या नुमाता इथे राहायला गेल्या, आणि शाळा संपल्यावर टोकियोतल्या एका नाटकमंडळीत दाखल झाल्या. आवाजाची कामे त्यांच्या वाट्याला आली ती काळाच्या रेट्याने. जपानमध्ये टीव्हीचे प्रसारण १९५३ साली सुरू झाले. १९५६मध्ये बड्या चित्रपट कंपन्यांनी या नव्या प्रतिस्पर्ध्याला आपले चित्रपट देणे बंद केले, आणि वाहिन्यांना कार्यक्रमांची वेळ भरून काढण्यासाठी परदेशी, मुख्यतः अमेरिकी मालिका आणाव्या लागल्या. त्या मालिकांतल्या पात्रांना जपानीत बोलते करायला माणसे हवी होती. चित्रपटांतले नट आपापल्या कंपन्यांशी करारांनी बांधलेले असल्यामुळे ही कामे मोठ्या प्रमाणावर नाटकवाल्यांकडे आली, आणि तिकीटविक्रीवर ज्यांचे घर चालत नव्हते अशा त्या मंडळींनीही ती आनंदाने घेतली.

सुरुवातीच्या त्या काळात हे काम थेट प्रक्षेपणातच चाले. पडद्यावर परदेशी नट ओठ हलवतो आहे आणि त्याच क्षणी स्टुडिओत उभा असलेला जपानी नट त्याचे वाक्य बोलतो आहे. जीभ अडखळली तर ते घरोघरी ऐकू जाणार. अशा ठिकाणी लहान मुलाला उभे करणे धोक्याचे होते, शिवाय रात्री उशिरा मुलांना कामावर ठेवता येत नसे. म्हणून मुलग्यांच्या भूमिका मोठ्या बायकांना देण्याची रीत पडली आणि नोझावाबाई त्या रीतीत तयार झाल्या. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या मराठी रंगभूमीच्या वारसांना ही उलटी तऱ्हा पटायला जड जाऊ नये. तरीही ज्यांनी इंग्रजी रूपांतरातला पुरुषी आवाजाचा गोकू, म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’ या ॲनिमे मालिकेचा नायक, ऐकला आहे, त्यांना मूळ जपानी गोकू गेली कित्येक वर्षे एक बाई बोलते आहे हे कळल्यावर धक्का बसतोच.

आता तारखा. जानेवारी १९६८मध्ये ‘गेगेगे नो कितारो’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या भुतावळीत वावरणाऱ्या मुलाला, कितारोला, नोझावाबाईंनी आवाज दिला. तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. १९७१च्या दुसऱ्या मालिकेतही कितारो त्यांचाच होता. १९७३ साली ‘डोरेमॉन’ची पहिली टीव्ही मालिका आली. तिच्यात डोरेमॉनला सुरुवातीला कोसेई तोमिता या नटाचा आवाज होता आणि पुढे ती भूमिका नोझावाबाईंकडे आली. पण ती मालिका सहा महिन्यांतच आटोपली. आपल्याकडच्या मुलांना माहीत असलेला डोरेमॉन १९७९च्या दुसऱ्या मालिकेतून पुढे आलेला आहे, आणि तिथे ती भूमिका नोबुयो ओयामा यांना मिळाली, ज्यांनी ती २००५पर्यंत सांभाळली. दरम्यान १९७८पासून ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’ या मालिकेतल्या तेत्सुरो या मुलाच्या भूमिकेने नोझावाबाईंचे नाव पुन्हा घराघरांत नेले. ऑक्टोबर १९८५मध्ये कितारोची तिसरी मालिका सुरू झाली, तेव्हा कितारो झाल्या केइको तोदा.

नवख्यांनी इथे थांबावे, असे मला वाटते. ऑक्टोबर १९८५ या महिन्यात नोझावाबाईंनी वयाची ४९ वर्षे पूर्ण केली होती, त्यांची सर्वांत जुनी ओळख त्यांच्याहून बऱ्याच लहान अभिनेत्रीकडे गेली होती, आणि डोरेमॉन तर केव्हाच दुसऱ्याचा झाला होता. फेब्रुवारी १९८६मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झाली. मूळ चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांनी चाचणीच्या ध्वनिफिती ऐकून गोकूसाठी नोझावाबाईंची निवड केली होती. आज आपण त्यांची कारकीर्द गोकूपासून मागे वाचतो, म्हणून ती सरळ रेषेत चढत गेल्यासारखी दिसते. पुढून वाचली, तर दर पाच-सात वर्षांनी हातातले काही ना काही सुटलेले दिसते. पुढे २०१८ साली कितारोची सहावी मालिका आली, तेव्हा कितारो मियुकी सावाशिरो यांचा होता आणि नोझावाबाईंना मिळाली ती त्याच्या बापाची, म्हणजे बुबुळाच्या रूपात उरलेल्या त्या चिमुकल्या म्हाताऱ्याची भूमिका. ती १९६८पासून इसामु तानोनाका यांनी केलेली होती आणि त्यांचे २०१०मध्ये निधन झाले होते. एकाच कथेत मुलगा करून झाल्यावर ८१व्या वर्षी बाप करायला मिळणे हे मला तरी २०१७च्या गिनेस विक्रमापेक्षा मोठे वाटते. (विक्रम एकाच व्हिडिओ गेम पात्राला सर्वाधिक काळ आवाज देण्याचा आहे, आणि मुले नेमका तोच पाठ करून येतात.)

त्यांच्या कामातली सर्वाधिक अभ्यासण्याजोगी गोष्ट म्हणजे गोकू, त्याचा थोरला मुलगा गोहान आणि धाकटा गोतेन, या तिघांना त्या एकट्या आवाज देतात आणि तिघे एकाच प्रसंगात समोरासमोर आले तरी वेगवेगळे मुद्रण न करता सलग बोलतात. हे ऐकताना आवाजाची पट्टी मोजू नये. गोकू रानात वाढलेला, त्याची बोली गावरान आणि वाक्ये अघळपघळ. गोहान आईच्या धाकात अभ्यास करून वाढलेला, त्यामुळे शब्द नीट उच्चारणारा आणि मोठ्यांशी अदबीने बोलणारा. गोतेन शेंडेफळ, घाईत बोलणारा. ज्याला त्या मुलाचे घर कळले, त्याला त्याचा आवाज सापडतो. प्रशिक्षणाच्या वर्गात ‘मला सात प्रकारचे आवाज काढता येतात’ असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि शिक्षक त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, की सातही आवाज ठेवून द्या आणि हे वाक्य तुम्ही कोणाला उद्देशून बोलताय ते आधी ठरवा.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली शिस्त पुस्तकातून कळत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. अर्ध्या तासाच्या भागासाठी बहुधा सकाळी १० ते दुपारी ३ किंवा दुपारी ४ ते रात्री ९ अशी वेळ दिलेली असते. खोलीत समोर पडदा, त्याच्यापुढे तीन-चार मायक्रोफोन आणि मागे भिंतीकडेने बसलेले पंधरा-वीस कलाकार. आपले वाक्य यायच्या आधी उठायचे, मोकळा होणारा मायक्रोफोन हेरायचा, शेजारच्याच्या अंगावर सावलीसुद्धा न पाडता तिथे उभे राहायचे, बोलायचे आणि तितक्याच मुकाट्याने मागे यायचे. संहितेच्या पानाचा आवाज होता कामा नये, म्हणून पानाचा कोपरा आदल्या रात्रीच किंचित वर दुमडून ठेवतात आणि पान उलटताना वही मायक्रोफोनपासून दूर धरतात. चित्र अनेकदा अर्धवट असते. कधी नुसत्या रेघा, आणि पात्राचे नाव जितका वेळ पडद्यावर दिसेल तितक्या वेळात वाक्य बसवायचे. कपडे सळसळणारे नकोत, बांगड्या-कडी नकोत, आणि पोट रिकामे नको, कारण शांत प्रसंगात पोटाची गुरगुर मायक्रोफोन बिनचूक टिपतो. नवख्याची जागा दाराजवळ असते. ते जड दार उघडणे-लावणे त्याच्याकडे. यात मला कधी कमीपणा वाटला नाही, कारण दाराजवळून सगळे मायक्रोफोन दिसतात आणि ज्येष्ठ कलाकार वाक्यापूर्वी श्वास कुठे घेतात ते पाहता येते. २०२०च्या महासाथीनंतर खोलीत एका वेळी तीन-चार जणांनाच घेऊन तुकड्यातुकड्यांनी मुद्रण होऊ लागले आणि त्या काळात आलेल्या पिढीचे हे फुकटचे शिक्षण बुडाले, असे जुने लोक हळहळून सांगतात. माझाही अनुभव तोच आहे.

निघण्यापूर्वी पुण्या-मुंबईत करण्यासारखे पुष्कळ आहे. मराठी माणसाला ‘चमचा’तला च येत असल्यामुळे जपानी ‘त्सु’ सहज जमतो, पण शब्दातल्या सुरांचा चढ-उतार आपल्या भाषेत अर्थ बदलत नाही आणि जपानीत तो बदलतो. इथे भलेभले अडकतात. एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारणसंस्थेचा उच्चार-कोश घेऊन रोज काही शब्द मोठ्याने म्हणण्याला पर्याय नाही. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातले औषधविक्याचे ‘उइरो-उरी’ हे लांबलचक भाषण इथल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात जिभेच्या व्यायामासाठी पाठ करून घेतात, ते आधीच मुखोद्गत असले तर पहिले दोन महिने सुखाचे जातात. आणि नाटक करावे, मराठीतच करावे, प्रायोगिक असो वा राज्य नाट्यस्पर्धेतले. नोझावाबाईंच्या पिढीकडे जे होते आणि आजच्या विद्यार्थ्याकडे नसते, ते म्हणजे समोरच्या नटाचे वाक्य ऐकण्याची सवय, आणि ती रंगमंचावरच लागते.

शिक्षणाचे मार्ग दोन. दोन वर्षांची व्यावसायिक महाविद्यालये पूर्ण वेळ शिकवतात, विद्यार्थी व्हिसा मिळवून देऊ शकतात आणि त्यांचे शुल्क वर्षाला दहा लाख येनच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. कलाकार-संस्थांशी, म्हणजे कलाकारांना कामे मिळवून देणाऱ्या एजन्सींशी, जोडलेली प्रशिक्षणकेंद्रे आठवड्यातून एक-दोनदा भरतात, स्वस्त असतात, पण त्यांच्या जोरावर व्हिसा मिळेल असे धरून चालू नये. दोन्हींकडून बाहेर पडल्यावर खरी चाळणी लागते, कारण ॲनिमेच्या चाचण्यांची बोलावणी थेट कलाकाराला येत नाहीत, ती त्याच्या संस्थेकडे येतात. संस्थेने घेतले नाही तर दारच उघडत नाही. एका शाळेने आम्हाला प्रवेशाच्या वेळी यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे दाखवली होती आणि त्या वर्षीच्या तुकडीतले किती जण संस्थांत गेले, हे विचारल्यावर विषय बदलला होता. तो प्रश्न जरूर विचारावा.

पैशांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. मानधन श्रेणीनुसार ठरते. नवखा पहिली तीन वर्षे सर्वसाधारणपणे कनिष्ठ श्रेणीत असतो आणि अर्ध्या तासाच्या भागाला १५,००० येन मिळतात, मग संवाद एक असो की शंभर. त्यातून संस्थेचे कमिशन आणि कर जातो. महिन्यात असे दोन भाग मिळाले तर महिना बरा गेला म्हणायचे. हे दरही कोणी दयेने दिलेले नाहीत. ८ ऑगस्ट १९७३ रोजी आवाज-कलाकारांनी एक दिवसाचा संप करून मोर्चा काढला, त्यानंतर मानधनात मोठी वाढ झाली आणि पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्याची मागणी मार्गी लागत गेली. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच अर्धवेळ काम करता येते, आणि शिक्षण संपल्यावर अभिनयासाठी वेगळा वास्तव्य-परवाना लागतो. मला आवाजाची कामे मोकळेपणी घेता आली ती अनुवादाच्या नोकरीवर राहून कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यानंतरच. परदेशी उमेदवाराने आपली योजना याच चालीने आखावी, असे माझे मत आहे.

शेवटची बाब नवी आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये नोझावाबाईंच्या आओनी प्रोडक्शन या संस्थेने आपल्या १० कलाकारांचे आवाज, त्यांत त्यांचाही, कृत्रिम बुद्धिमत्तेने वाचन करणाऱ्या एका कंपनीला दिले. दिशादर्शक यंत्रे, ध्वनिसाहाय्यक अशा कामांना परवानगी आणि ॲनिमे किंवा चित्रपटांच्या रूपांतरातला अभिनय मात्र वगळलेला, अशी सीमारेषा त्या करारात आखली गेली. त्याच महिन्यात इतर नामवंत कलाकारांनी विनापरवाना आवाज वापरण्याविरुद्ध मोहीम उघडली. ज्यांचे नाव झालेले आहे त्यांना अशी रेषा आखून घेता येते. नवख्याच्या हाती छापील करार येतो आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले जाते. तेव्हा संस्थेच्या करारातच नव्हे, तर शाळेच्या प्रवेशअर्जातही सरावासाठी मुद्रित केलेल्या आवाजाचे पुढे काय होणार हे कलम शोधून वाचावे, आणि ते नसेल तर कचेरीत जाऊन लेखी उत्तर मागावे.