रिमोट डेस्कटॉपमधून प्रिंट काढताय? या चुका टाळा

रिमोट डेस्कटॉप म्हणजे लांबच्या सर्व्हरवर आपल्या पीसीवरून काम करणं. सर्व्हर छत्रपती संभाजीनगरला, ऑपरेटर आणि प्रिंटर लातूरच्या मोंढ्यात. मराठवाड्यात अशी मांडणी आता अडत दुकानापासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे आहे. प्रिंट निघाली नाही की लोक लगेच ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायला घेतात. मला याचा खरंच राग येतो, कारण दहापैकी नऊ वेळा ड्रायव्हरचा काही संबंध नसतो.

आधी हे चालतं कसं ते बघा. तुम्ही सेशन, म्हणजे सर्व्हरवरचं तुमचं लॉगिन, जोडता तेव्हा तुमचा पीसी आपल्याकडचे प्रिंटर सर्व्हरला कळवतो. सर्व्हर तुमच्या सेशनपुरता तसा प्रिंटर तयार करतो आणि नावापुढे कंसात 'रिडायरेक्टेड' आणि सेशनचा नंबर लावतो. लॉग ऑफ केलं की तो प्रिंटर पुसला जातो. पुढच्या लॉगिनला नंबर वेगळा असू शकतो.

सगळ्यात महागडी चूक इथेच होते: बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तो नंबरवाला प्रिंटर कायमचा निवडून ठेवणं.

एका अडत पेढीत हेच झालं होतं. लातूर आणि परभणी, दोन्हीकडे टीव्हीएसचा एमएसपी 250 हा डॉट मॅट्रिक्स (पिनांनी फितीवर ठोकून छापणारा) प्रिंटर. लातूरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिडायरेक्टेड 3' सेव्ह केलेला. त्यात कुणीतरी "परमिशनची कटकट नको" म्हणून सगळ्या ऑपरेटरांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून ठेवलेलं. साध्या युजरला फक्त स्वतःचे रिडायरेक्ट झालेले प्रिंटर दिसतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला सगळ्यांचे दिसतात. एका सकाळी परभणीचा माणूस आधी लॉगिन झाला आणि 3 नंबर त्याला मिळाला. लातूरच्या शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या परभणीत छापून पडू लागल्या. इकडे एररही येत नव्हता. शेतकरी गाडी उभी करून पट्टीची वाट बघत होते, आणि ऑपरेटर पुन्हा पुन्हा प्रिंट देत होता. परभणीहून "ओ दादा, ह्या कुणाच्या पट्ट्या?" असा फोन आला तेव्हा कुठे उलगडा झाला.

उपाय: ऑपरेटरांचे अ‍ॅडमिन हक्क काढा, आणि सॉफ्टवेअरमध्ये नावाऐवजी 'डिफॉल्ट प्रिंटर' ठेवा. सर्व्हरवर लावलेल्या नियमांनी (ग्रुप पॉलिसीने) अडवलं नसेल तर तुमच्या पीसीवरचा डिफॉल्टच सेशनमध्ये डिफॉल्ट होतो. मात्र विंडोज 10 किंवा 11 असेल, तर डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा हा पर्याय आधी बंद करा; नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होऊन बसतो. मी आणखी एक करतो. पीसीवरच प्रिंटरचं नाव बदलून 'लातूर-पट्टी' असं ठेवतो. मग नंबर काहीही येवो, प्रिंटर कुठला ते यादीत वाचता येतं.

दुसरं दुखणं डॉट मॅट्रिक्सचं. विंडोज सर्व्हर 2008 पासून ईझी प्रिंट आहे. त्यात सर्व्हर पान एक्सपीएस या फाइल-प्रकारात बनवून पाठवतो आणि छापायचं काम तुमच्या पीसीवरचा ड्रायव्हर करतो. लेझरसाठी उत्तम, तिथे सर्व्हरवर ड्रायव्हर टाकूच नका. पण डॉट मॅट्रिक्सवर अक्षरं चित्रासारखी छापली जातात. प्रिंटर रेंगाळतो आणि कागदाचं माप चुकतं. अशा वेळी पीसीवर आहे अगदी त्याच नावाचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाका आणि ग्रुप पॉलिसीत ईझी प्रिंट आधी वापरण्याची सेटिंग डिसेबल करा. जुळणारा ड्रायव्हर नसलेले प्रिंटर तरीही ईझी प्रिंटवरच जातात. नेटवरून मिळेल तो ड्रायव्हर मात्र चढवू नका. एका खराब ड्रायव्हरने स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) बसला की सगळ्या शाखांची छपाई थांबते.

बाकीच्या चुका थोडक्यात. कनेक्शनच्या लोकल रिसोर्सेसमध्ये प्रिंटर्सवर टिक नसणं. सेशन चालू असताना नवा प्रिंटर जोडून तो लगेच दिसावा अशी घाई करणं. सेशन तोडून पुन्हा जोडा. 2021 मध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यानंतर बऱ्याच जणांनी सर्व्हरवरचा प्रिंट स्पूलर बंद केला आणि मग विसरले. तो बंद असेल तर एकही प्रिंटर येणार नाही. विंडोजचे अपडेट टाका आणि स्पूलर चालू करा.

आणि तपासायचा क्रम मोडू नका. आधी स्वतःच्या पीसीवर नोटपॅडमधून प्रिंट काढा, मग सेशनमधल्या नोटपॅडमधून. दोन्हीकडून निघाली, तरच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.