बॅरियर आयलंडवर डिझर्टेशन? आधी तिथी बघा, मग लॅपटॉप उघडा

राहताय बडोद्यात आणि विषय घेताय बॅरियर आयलंड, म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेलं लांबट वाळूचं बेट, तर एक गोष्ट सुरुवातीलाच ऐकून ठेवा. आपल्याला जवळ पडणाऱ्या किनाऱ्यावर तसलं बेट नाही. जंबुसरकडे कावी-कंबोईला जाऊन बघा. भरतीला स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जातं आणि ओहोटीला समोर नजर पोचेल तिथवर चिखल. खंभातच्या आखातात आतल्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. हा फरक चार मीटरच्या वर गेला की लांबलचक वाळूची बेटं सहसा तयार होत नाहीत, कारण लाटांना एका पातळीवर ठाण मांडून काम करायला वेळच मिळत नाही. तरी कंबोईला एक चक्कर माराच. पाणी किती आडवं सरकतं हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बेट तयार कसं होतं, यावर फार दिवस घालवू नका. १८४५ मध्ये भूशास्त्रज्ञ एली द बोमाँ म्हणाले, समुद्रतळावरची वाळू लाटांनी वर आणली. १८८५ मध्ये गिल्बर्ट म्हणाले, किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूचा दांडा वाढतो आणि मग तुटतो. १८९० मध्ये मॅकगी म्हणाले, पाण्याची पातळी वाढून वाळूच्या टेकड्यांमागे पाणी शिरलं. तोंडी परीक्षेत ही तिन्ही नावं विचारतातच. कुठे एक लागू पडतं, कुठे दुसरं, एवढं सांगितलं तरी भागतं.

खरी मेख पुढे आहे, आणि मी तिच्यात पुरता अडकलो होतो. दोन वेगळ्या वर्षांची लँडसॅट उपग्रहाची चित्रं घ्यायची, पाणी आणि वाळू जिथे भेटतात ती कड डिजिटाइज करायची, म्हणजे स्क्रीनवर रेषेने आखून घ्यायची, दोन्ही रेषांमधलं अंतर सॉफ्टवेअरला काढायला लावायचं. वर्षाला किती मीटर झीज, ते दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत हजर. मार्गदर्शक खूश, नकाशा लाल-हिरवा. पण ती किनारारेषा नसतेच. त्या दिवशी त्या क्षणाला पाणी कुठे होतं, एवढंच ती सांगते.

हिशोब करून बघा. पुळणीचा उतार चाळिसाला एक धरा. दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत दीड मीटरचा फरक असेल तर कड साठ मीटर सरकलेली दिसते, म्हणजे लँडसॅटचे दोन पूर्ण पिक्सेल. बेट जागचं हललेलं नसतं, पण तुमच्या नकाशावर ‘भीषण धूप’ असते. हाच प्रकार आपल्या आखातातल्या सपाट चिखलावर केलात तर आकडे किलोमीटरमध्ये येतात.

यावर कुणी सांगेल, भरपूर चित्रं घे, सरासरीत चूक निघून जाईल. अजिबात जात नाही. हे उपग्रह एका जागेवरून दर खेपेला साधारण त्याच वेळी जातात, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. आणि भरती तिथीला बांधलेली. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे तिकडे पौर्णिमेच्या चित्रात पाणी जवळजवळ पूर्ण चढलेलं आणि अष्टमीच्या चित्रात ओहोटी बरीच लागलेली, दर वेळी हेच. चूक एकाच बाजूला झुकलेली असेल तर सरासरीने काय होणार? ओडिशाच्या किनाऱ्याचं (तिथलं चिलिका पुढे येईलच) गणित वेगळं, पण तत्त्व तेच. त्यामुळे चित्र उतरवण्याआधी तारखेची तिथी बघा, भिंतीवरचं कालनिर्णय किंवा जुनं पंचांग चालेल. नेमकी उंची हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं घ्या. ऋतूही एकच ठेवा. पावसाळ्यात पुळण खरवडली जाते आणि पुढच्या महिन्यांत भरून येते. जूनची तुलना जानेवारीशी करून काही हाती लागत नाही.

त्याहून बरं म्हणजे पाण्याची कड सोडून द्या आणि झाडोऱ्याची कड धरा. मर्यादवेल आणि रावणाची मिशी जिथपर्यंत टिकून आहेत, ती रेषा रोजच्या भरतीने हलत नाही. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाच्या दहा मीटरच्या पिक्सेलवर ती बरीच स्पष्ट दिसते.

आणि दोन्ही बाजू मोजा. समुद्राची कड मागे आली म्हणजे बेट संपत चाललं, असं घाईने लिहू नका. वादळात लाटा टेकड्या ओलांडतात, वाळू मागच्या खाजणात पंख्यासारखी पसरते आणि बेट जमिनीकडे लोळत जातं. अमेरिकेत असाटीग बेटावर पुढच्या पुळणीत जुन्या दलदलीचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, उघडं पडतं. जे कधीकाळी मागे होतं ते आता पुढे आलंय. तिथे १९३३ च्या वादळाने ओशन सिटीजवळ बेट फोडून समुद्राला आत यायला नवं मुख केलं, ते खुलं ठेवायला दगडी बांध घातले आणि दक्षिणेकडे जाणारी वाळू अडली. असाटीगचं उत्तर टोक इतकं मागे गेलं की आता ते ओशन सिटीच्या रांगेत उरलेलं नाही.

भारतात काम करायचं तर ओडिशातलं चिलिका सरोवर घ्या. किनाऱ्यालगतची वाळू ईशान्येकडे वाहते, म्हणून सरोवराचं समुद्राकडचं मुख त्या दिशेने सरकत जातं, अरुंद होतं, गाळाने भरतं. सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुदाजवळ नवं मुख खणून काढलं. त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रं फुकट मिळतात, विषय छोटा आणि पुरा होण्यासारखा आहे.

गणित कच्चं आहे म्हणून घाबरू नका, इथे त्रैराशिकापलीकडे फारसं लागत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर महिन्याभरात हाताला बसतं. सीनियर दादा तयार शेपफाइल, म्हणजे आधीच आखलेल्या किनारारेषेची फाइल, देऊ करेल, ती मात्र घेऊ नका. तिच्यातली कड कुठल्या तिथीची आहे हे त्यालाही सांगता येणार नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांचे पेपर मोजण्यापेक्षा एवढंच विचारा, किनाऱ्यावर शेवटचे कधी गेला होतात. उत्तर द्यायला फार वेळ लागला तर दुसऱ्या केबिनचं दार वाजवा. पहिल्या सत्रात मार्गदर्शक बदलला तर कुणी लक्षातही ठेवत नाही, तिसऱ्यात बदललात तर सगळ्या विभागाला उत्तरं देत बसावं लागतं.